‘सिबिल बघत नाही’ म्हणणाऱ्याला नेमकं काय हवंय?

‘सिबिल खराब? नो टेन्शन! फक्त आधार-पॅनवर १० मिनिटांत लोन.’ हा मेसेज तुम्हाला एकदाही आला नसेल, तर तुम्ही खरंच नशीबवान. माझ्या रूममेटला तो आला, आणि नेमका चुकीच्या दिवशी आला.

सेमिस्टरची फी भरायला चार दिवस उरले होते. स्कॉलरशिपचा हप्ता जमा झाला नव्हता आणि घरी सोयाबीन विकलं गेलं नव्हतं. एका ठिकाणी तिने छोट्या कर्जासाठी अर्ज केला, तर नकार आला. कारण काय, तर दोन वर्षांपूर्वी ‘पे लेटर’वर केलेल्या खरेदीचे अकराशे रुपये भरायचे राहून गेले होते. ती ते विसरलीसुद्धा होती, पण तिच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये त्याची नोंद झाली होती.

मग या मेसेजला रिप्लाय गेला. अर्ध्या तासात ‘लोन अप्रूव्हल लेटर’ची पीडीएफ आली. वर सरकारी वाटणारा लोगो, खाली शिक्का आणि सही. आधी फाइल चार्ज १,४९९ रुपये. मग इन्शुरन्स ३,२००. मग जीएसटी २,८५०. चौथ्या वेळी ‘तुमचं खातं फ्रीझ झालंय, सोडवायला पाच हजार लागतील’ असं ऐकल्यावर तिने नाही म्हटलं. त्यानंतर तो नंबर बंद. कर्ज मिळालं शून्य, गेले ७,५४९.

आम्हाला तिने हे तीन आठवड्यांनी सांगितलं. ‘तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही,’ म्हणाली. या धंद्याचं खरं भांडवल हेच आहे, आधी नकार मिळालेला माणूस, त्याची घाई आणि त्याची लाज.

स्कोअर न बघण्यामागचं गणित

क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. घेतलेले पैसे तुम्ही वेळेवर फेडले का, हे प्रामुख्याने त्यात दिसतं. आता साधा विचार करा. ज्याला आपले पैसे व्याजासकट परत हवेत, तो समोरचा फेडेल का हे बघणारच. जो म्हणतो, ‘आम्ही काहीच बघत नाही’, त्याची कमाई कर्जफेडीवर अवलंबूनच नाही. ती दुसरीकडून होते.

एक तर फीमधून, जसं माझ्या रूममेटचं झालं. इथे कर्ज नावाची गोष्टच नसते. खरी बँक किंवा फायनान्स कंपनीही प्रोसेसिंग फी घेते, पण बहुतेक वेळा ती मंजूर रकमेतून कापली जाते. कुणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर ‘आधी टाका, मग देतो’ असा प्रकार तिथे नसतो. मुद्रा योजनेच्या नावाने फिरणारी अशी पत्रं खोटी असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने अनेकदा सांगितलंय. मुद्रा ही संस्था आपल्याला थेट कर्ज देतच नाही, कर्ज बँका आणि फायनान्स संस्था देतात.

दुसरी कमाई तुमच्या फोनमधून. इथे पैसे खरंच मिळतात, पण कसे? समजा, पाच हजारांचं कर्ज. हातात येतात ३,२००, बाकीचे ‘चार्जेस’. सात दिवसांनी परत द्यायचे पूर्ण पाच हजार. म्हणजे ३,२०० रुपयांवर एका आठवड्यात १,८०० रुपये, ५६ टक्के. वर्षाचा साधा हिशोब लावला तरी २,९०० टक्क्यांच्या वर जातो. हप्ता चुकला की वसुली सुरू. अ‍ॅप टाकताना तुम्ही कॉन्टॅक्ट्स आणि गॅलरीला ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं. मग मामाला, सरांना, क्लासच्या ग्रुपवर फोटो एडिट करून पाठवले जातात. या छळाला कंटाळून आपल्या देशात लोकांनी जीव दिलेत.

नियम आहेत, मग अडतंय कुठे?

रिझर्व्ह बँकेच्या एका कार्यगटाने २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत वेगवेगळी अ‍ॅप स्टोअर्स तपासली. कर्ज देणारी सुमारे ११०० अ‍ॅप्स सापडली, त्यातली सुमारे ६०० बेकायदा होती. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आले. कर्जाची रक्कम बँक किंवा नोंदणीकृत फायनान्स कंपनीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवी आणि परतफेडही थेट तिलाच व्हायला हवी. सगळे चार्जेस धरून वर्षाचा दर किती पडतो, हे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये आधी सांगायला हवं. तुमचे कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो अ‍ॅपने बघायचे नाहीत. गूगल प्ले स्टोअरनेही मे २०२३ अखेरपासून पर्सनल लोन अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बघायला बंदी घातली.

पण हे नियम पाळतो तो नोंदणी असलेला. फसवणारा तुम्हाला प्ले स्टोअरवर नेतच नाही, तो व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवतो. म्हणून ओळखायचं काम शेवटी आपल्यावर येतं. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर डिजिटल लोन अ‍ॅप्सची यादी आहे. त्यात अ‍ॅपचं नाव शोधा. ही यादी कर्ज देणाऱ्या संस्थांनीच भरलेल्या माहितीवर बनते आणि मिळत्याजुळत्या नावांची अ‍ॅप्स भरपूर असतात. त्यामुळे त्या बँकेच्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरही तेच अ‍ॅप आहे का, ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

‘स्कोअर नाही’ आणि ‘स्कोअर खराब’ यात फरक आहे

आपल्यापैकी बहुतेकांनी कधी कर्जच घेतलेलं नाही. मग रिपोर्टमध्ये ‘एनएच’ किंवा ‘उणे १’ दिसतं. त्याचा अर्थ इतिहास नाही, एवढाच. तो खराब स्कोअर नव्हे. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, हे सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही स्पष्ट केलंय. तेव्हा ‘तुमचं सिबिल झीरो आहे, आम्हीच वाचवू’ असं कुणी म्हटलं तर घाबरू नका.

आणि खरंच खराब असेल तर? देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा, तीही फुकट. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. नोंद खरी असेल तर थकलेले पैसे भरा, पावती ठेवा आणि थोडा धीर धरा. ‘पाच हजार द्या, खराब नोंद पुसून देतो’ म्हणणारा दुसरा ठग असतो. खरी नोंद कुणीच पुसू शकत नाही.

फीसाठीच पैसे हवे असतील तर शैक्षणिक कर्जाचा रस्ता आधी बघा. बँकांच्या मॉडेल योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असतात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या चार दिवसांची वाट बघू नका.

अडकलाच असाल तर

पुढचा एक रुपयाही देऊ नका. लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. चॅट, नंबर, व्यवहाराचा यूटीआर, सगळं जपून ठेवा, बँकेला कळवा. जितका उशीर तितके पैसे हातचे जाण्याची शक्यता जास्त. फोटो पाठवायची धमकी आली तर घरच्यांना आणि मित्रांना आपणच आधी सांगा. त्यांना माहीत असलं की धमकीत दम राहत नाही. फारच खचल्यासारखं वाटलं तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.

माझ्या रूममेटचे पैसे परत आले नाहीत. तीन आठवडे गप्प बसल्यावर ते वाचवायला फार काही उरलं नव्हतं. फीचं मात्र झालं. तिने कॉलेजच्या ऑफिसमध्ये अर्ज दिला आणि दोन हप्ते करून मिळाले. तोच अर्ज ती पहिल्या दिवशीही देऊ शकली असती, पण तिथे कारण सांगायची लाज वाटली होती. तसे मेसेज तिला अजूनही येतात. आता ती स्क्रीनशॉट काढते आणि आमच्या ग्रुपवर टाकते, ‘हा नवीन आलाय, कुणी रिप्लाय करू नका.’