तेलाचं सोवळं

आमच्या घरातून सोवळं नेमकं कधी गेलं, ते सांगता येणार नाही. बहुधा गॅसची शेगडी आली तेव्हाच त्याने सामान बांधायला घेतलं असावं. पण ते कायमचं गेलं अशी जी माझी समजूत होती, ती चुकीची निघाली. ते स्वयंपाकघरातून उठलं आणि गॅरेजात जाऊन राहिलं. आज माणसं कुणाच्याही पंगतीला बसतील. पण सिंथेटिक ऑइलमध्ये साधं ऑइल पडलं, की विटाळ झालाच म्हणून समजा!

या संप्रदायाचे आचार्य म्हणजे माझे मेहुणे. त्यांनी जन्मात कधी स्पार्क प्लग बदललेला नाही. त्यामुळे इंजिनाबद्दल ते अधिकाराने बोलतात. "भाऊजी, एकदा सिंथेटिक म्हणजे कायमचं सिंथेटिक. मध्येच साधं घातलंत तर आत दूध नासावं तसं नासतं!"

मी ऐकलं. ऐकण्याची किंमत पुढे बिलात आली.

एका लग्नासाठी आम्ही पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. शिरवळला चहा घेतला आणि सहज डिपस्टिक काढून पाहिली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. शेजारच्या दुकानात ऑइल होतं. पण साधं, आणि माझ्या गाडीच्या ऑइलपेक्षा जरा जाड. दुकानदार डब्याचं सील तोडणार, तोच मेहुण्यांनी त्याचा हात धरला. "साताऱ्यात मिळेल की सिंथेटिक!"

साताऱ्याच्या आधी खंबाटकीचा घाट लागतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. तो लागला, की गाडी त्याच क्षणी थांबवायची असते. मेहुणे म्हणाले, "एवढा घाट चढून घेऊ." इंजिन म्हणालं, "मी नाही." आधी खडखडाट, मग शांतता. आम्ही टेम्पोच्या मागे दोरखंड बांधून खाली आलो. लग्न लागलं तेव्हा आम्ही गॅरेजातल्या बाकड्यावर होतो. एवढं होऊनही मेहुणे म्हणाले, "पण मिसळलं नाहीत, ते बरं केलंत."

त्या दिवसापासून मी या सोवळ्याचा उघड वैरी आहे.

अहो, मिसळायचं नाही तर बाजारात राजरोस 'सेमी-सिंथेटिक' म्हणून जे विकतात ते काय आहे? दोन्ही तेलांचं मिश्रणच! कंपनीने मिसळलं की तंत्रज्ञान, मी मिसळलं की पाप. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची खूण डब्यावर हवी असेल, तर त्या तेलाला दुसऱ्या तेलांत मिसळून, तापवून, गार करून परीक्षा द्यावी लागते. त्यात ते वेगळं होऊन चालत नाही. आणि सिंथेटिकचं कूळ तरी किती शुद्ध? खनिज तेलावरच जबर प्रक्रिया करून काढलेलं तेलही सिंथेटिक म्हणून विकलं जातं. हे नाव त्याला शोभतं का, यावर दोन बड्या कंपन्या भांडल्या आणि 1999 साली अमेरिकेत जाहिरातींच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेने 'शोभतं' असं सांगून टाकलं. म्हणजे माझ्या मेहुण्यांचं सोवळं ज्याच्यासाठी, तो बऱ्याचदा साध्या तेलाचाच शिकलासवरलेला भाऊ असतो.

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिक तेलांचं रबरी सीलांशी पटलं नाही आणि गळती झाली. ते तेल सुधारलं. अफवा मात्र जुन्याच डब्यात राहिली.

याचा अर्थ रोज भेसळ करा असा नाही. महाग तेलात स्वस्त घातलं, तर महागाचा गुण तेवढा पातळ होतो. तेव्हा ऑइल बदलायची मुदत साध्या तेलाची धरावी, म्हणजे झालं. ग्रेड शक्यतो गाडीच्या पुस्तकातली किंवा तिच्या जवळची असावी. मोटारसायकलवाल्यांनी डब्यावर जासोची 'एमए' खूण पाहावी. तिचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि मोटारीचं काही ऑइल त्याला घसरायला लावतं. पळायचे नियम एवढेच. बाकी, पूर्ण सिंथेटिकवरून साध्यावर किंवा साध्यावरून सिंथेटिकवर जायला इंजिन धुऊन पुसून शुद्ध करून घ्यायचं प्रायश्चित्त लागत नाही. जुनं काढा, फिल्टर बदला, नवं ओता.

1 एप्रिल 2020 ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. दोन्हीकडचे फॉर्म, शिक्के आणि साहेब एकत्र मिसळूनही काउंटर चालू राहिलं. तेलाला तर स्वभावही नसतो!

परवा दिवाळीला मेहुणे आले होते. शेंगदाणा तेल महाग झाल्यापासून आमची ही तळणीला निम्मं सूर्यफुलाचं मिसळते. मेहुण्यांनी चकली दोनदा मागून घेतली.

मी काही बोललो नाही. रात्री हळूच चौकशी केली. इंजिन व्यवस्थित चालू होतं.