विश्लेषण : जुना फोन कायम चार्जरवर ठेवला तर बॅटरी का फुगते? उपाय काय?

नवा फोन घेतला की जुना कपाटात पडतो. कॅमेरा आणि वाय-फाय धड असेल तर तोच फोन दारावर नजर ठेवणारा कॅमेरा किंवा टेबलावरचे घड्याळ म्हणून अजून काही वर्षे काम देऊ शकतो. मात्र असा फोन चोवीस तास चार्जरला जोडलेला राहतो आणि कालांतराने त्याची बॅटरी फुगू शकते.

बॅटरी का फुगते?

फोन पूर्ण चार्ज झाला की आतले सर्किट चार्जिंग थांबवते. त्यामुळे प्रश्न जास्त चार्ज होण्याचा नसून सतत भरलेले राहण्याचा आहे. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन बॅटरीचा व्होल्टेज साधारण ४.२ ते ४.४ व्होल्ट असतो. ती कायम या पातळीवर राहिली, की आतल्या इलेक्ट्रोलाइटचे हळूहळू विघटन होऊन वायू तयार होतो. उष्णतेने हा वेग वाढतो.

बॅटरी काढून फोन चालेल का?

बहुतेक फोन चालत नाहीत. नेटवर्क शोधताना किंवा प्रोसेसरवर ताण आल्यावर क्षणभर लागणारा जादा प्रवाह बॅटरी पुरवते. शिवाय बॅटरीच्या तापमानाची माहिती मिळाली नाही तर अनेक फोन सुरूच होत नाहीत.

मग काय करावे?

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणे हा सर्वात सोपा उपाय. आयफोन १५ व त्यानंतरच्या मॉडेलमध्ये, तसेच सॅमसंगच्या अनेक गॅलेक्सी फोनमध्ये ही सोय आहे. आधी सेटिंगमधील बॅटरीचा विभाग तपासावा.

सोय नसेल तर टायमर असलेला प्लग वापरावा. फोन ८० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर यायला आणि पुन्हा ८० टक्के व्हायला किती वेळ लागतो, ते एक दिवस पाहावे आणि त्यानुसार प्लग चालू-बंद होण्याच्या वेळा लावाव्यात. वीज गेली तरी फोन काही तास चालू राहतो, हा आणखी एक फायदा.

उष्णता कशी टाळावी?

फास्ट चार्जरऐवजी चांगल्या दर्जाचा साधा, कमी क्षमतेचा चार्जर वापरावा. कव्हर काढावे, स्क्रीनचा प्रकाश कमी ठेवावा, नको असलेली ॲप काढून टाकावीत. फोन उन्हात, टीव्हीमागे किंवा पडद्याला टेकून ठेवू नये.

बॅटरी फुगलीच तर?

मागचे झाकण किंवा स्क्रीन उचललेली दिसली, सपाट टेबलावर फोन डुगडुगू लागला, तर तो तत्काळ बंद करून चार्जरपासून काढावा. बॅटरी दाबू वा टोचू नये. आग लागू शकते. ती घंटागाडीत न टाकता सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या २०२२च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

जुना फोन पुन्हा वापरात आणणे हा ई-कचरा कमी करण्याचा स्वस्त मार्ग आहे. चार्जिंगवर मर्यादा घालण्याची सोय नव्या मॉडेलपुरती न ठेवता, शक्य असेल तिथे अपडेटद्वारे जुन्या फोनलाही देणे कंपन्यांचे काम आहे. तोवर टायमर लावलेला एक प्लग पुरेसा आहे.