न छापलेला रकाना

हायरॉक्सच्या दुहेरीची शर्यत करून आलेला माणूस सोमवारी सकाळी जिममध्ये शिरतो तो मोबाइल पुढे धरूनच. निकालाचं पान उघडलेलंच असतं. आठ धावा, आठ स्टेशनं, रॉक्सझोनमध्ये, म्हणजे धाव आणि स्टेशन यांच्या मधल्या टापूत, गेलेला वेळ, सगळं सेकंदापर्यंत. ‘सर, स्लेड बघा कसली मारलीय. रनिंगमध्ये मात्र मार खाल्ला.’ आपण चष्मा लावतो, आकड्यांवरून बोट फिरवतो आणि सांगतो, ‘रनिंग वाढवायला हवं.’ पुढचे तीन महिने तो बिचारा पहाटे उठून पळत राहतो.

हे निदान मला अलीकडे पटेनासं झालंय. पत्रकात सगळं आहे, पण दुहेरीत ज्याच्यावर सगळं अवलंबून असतं तेवढंच नाही. कोणी किती केलं? स्लेडच्या चार लेनपैकी कोणाच्या वाट्याला किती आल्या, रोइंगचे १००० मीटर कसे वाटून घेतले, वॉल बॉलचे १०० कोणाच्या खांद्यांवर पडले, याचा कुठे पत्ता नसतो. पत्रकाच्या लेखी जोडी म्हणजे चार हात आणि चार पाय असलेला एकच खेळाडू. आपणही मग त्या काल्पनिक प्राण्यालाच व्यायाम लिहून देतो.

हायरॉक्स हा प्रकार आपल्याकडे नवाच. ख्रिस्तियान टोएत्झके आणि मोरित्झ फ्युर्स्टे यांनी २०१७ मध्ये जर्मनीत तो मांडला आणि २०१८ मध्ये हॅम्बुर्गला पहिली शर्यत झाली. यातला फ्युर्स्टे म्हणजे बीजिंग आणि लंडन अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणारा हॉकीपटू. २०२५ च्या मे महिन्यात शर्यत मुंबईत आली आणि तेव्हापासून आपल्या वाचकांच्या पत्रांत ‘दुहेरीची तयारी कशी करून घ्यावी’ हा प्रश्न सारखा येतो आहे. एकट्यानं उतरायला धजत नाही असा माणूस मित्राला, बायकोला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला घेऊन उतरतो, तेव्हा हा प्रश्न येत राहणारच.

नियमाचा गाभा साधा आहे. एक किलोमीटर धाव, मग एक स्टेशन, असं आठ वेळा. आठही किलोमीटर दोघांनी बरोबर धावायचे, स्टेशनवरचं काम मात्र हवं तसं वाटून घ्यायचं. म्हणजे काम वाटता येतं, धाव वाटता येत नाही. शाळेच्या क्रीडामहोत्सवातली तीन पायांची शर्यत आठवा. वर्गातला सगळ्यात वेगवान पोरगा आणि सगळ्यात गोलमटोल पोरगा एका रुमालानं बांधले, की वेग ठरायचा तो गोलमटोल पोराचा. इथे रुमाल दिसत नाही इतकंच. जोडीचा किलोमीटर हा नेहमी हळू धावणाऱ्याचा किलोमीटर असतो, आणि वेगवान जोडीदाराची उरलेली ताकद त्या वेळी कुठेच जमा होत नाही. ती स्टेशनवरच वापरायची असते.

हे सगळं लिहायला सोपं आहे. मला ते कळलं ते स्वतःची फजिती झाल्यावर.

भाच्याबरोबर एक सराव-शर्यत करायचं ठरवलं होतं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, नव्वद किलोच्या आसपास, आयुष्य बारबेलखाली गेलेलं. तो चोवीसचा, बासष्ट किलोचा, किलोमीटर पावणेपाच मिनिटांत गप्पा मारत काढणारा. वाटणी करताना डोकं चालवायची गरजच वाटली नाही. स्लेड १५२ किलोची, मामा वजनदार, मामानं ढकलायची. चारपैकी तीन लेन मी घेतल्या, एक त्याला दिली. जिममधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सव्वादोन मिनिटांत काम फत्ते. मग आम्ही धावायला बाहेर पडलो आणि पहिल्या वळणावरच माझ्या मांड्यांनी संप पुकारला. पाय उचलावा तर जणू चिखलातून उपसावा लागत होता. भाचा शेजारी दोन्ही हात कमरेवर ठेवून चालल्यासारखा पळत होता. ‘मामा, तू ठीक आहेस ना? मी वाटलं तर उलटा पळतो.’ आणि कार्टा खरोखरच माझ्याकडे तोंड करून उलटा पळायला लागला.

आधीचा किलोमीटर आम्ही ५:४० ला काढला होता. स्लेडनंतरचा गेला ७:०५. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि शेजारी नेहमीच्या सवयीनं शेरा मारला, ‘रनिंग कच्चं.’ वही मिटताना लक्षात आलं की रनिंग कच्चं असतं तर ५:४० सुद्धा आला नसता.

दोन आठवड्यांनी वाटणी उलटी केली. तीन लेन त्याला, एक मला. त्यानं आधी कुरकुर केली, मग दात-ओठ खात ढकलली. वजनानं हलका माणूस जड स्लेडमागे जवळजवळ आडवा होतो, बुटांचे तळवे गालिच्यावर घसरत राहतात. बघवत नव्हतं. स्लेडला या वेळी २:४० लागली, म्हणजे पंचवीस सेकंद जास्त. पण पुढचा किलोमीटर ६:१० ला आला. पंचवीस गेले, पंचावन्न मिळाले. एका मामा-भाच्याच्या दोन प्रयत्नांवरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळतं. दुसऱ्या खेपेला हवा बरी होती, आणि पुढे काय वाढून ठेवलंय हे मला माहीत होतं. तरीही मी आता प्रत्येक जोडीला हाच पहिला प्रश्न विचारतो: तुमच्यातला हळू धावणारा कोण? ताकदवान कोण हे नंतर. त्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच माणूस असेल, आणि आपल्या जिममध्ये ते बऱ्याचदा तसंच असतं, तर पायांवर येणारी स्टेशनं त्याच्यापासून लांब ठेवा. त्याला स्कीअर्ग द्या, स्लेड ओढायला द्या, फार्मर्स कॅरीचे २४-२४ किलो द्या. मांड्या लागणाऱ्या तीन ठिकाणी, म्हणजे स्लेड ढकलताना, बर्पी ब्रॉड जंपमध्ये आणि लंजेसमध्ये, त्याचा हिस्सा कमी ठेवा. वॉल बॉलही मांड्यांचंच काम, पण ते शेवटचं स्टेशन आहे. त्यापुढे धावायचं नाही, त्यामुळे तिथे काही राखून ठेवायचं कारण नाही.

मिश्र दुहेरीत ही चूक आणखी रुजलेली दिसते. तिथे वजनं पुरुषांच्या ओपन गटाचीच असतात, म्हणून स्लेड आली की बाई बाजूला आणि पुरुष दोराला किंवा दांड्यांना, असा जणू रिवाजच पडलाय. कितीतरी जोड्यांत धावायला बाई सरस असते. ती ताज्या पायांनी पुढे आणि नवरा मागे फेफे करत, असं चित्र मग पुढच्या किलोमीटरला दिसतं. तिला चारातली एक लेन तरी द्यावी. पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईला ती जड जाईल, वेळ लागेल, कबूल. पण ती लेन जाईपर्यंत नवऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि शर्यत तिथे संपत नाही.

आता स्कीअर्ग आणि रोइंग. या दोन यंत्रांच्या गणितात आपण पुष्कळदा फसतो. पडद्यावरचा पेस आणि वॅट यांचं नातं घनाचं आहे: वेग वाढला की लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५०० मीटरला २:१० हा पेस म्हणजे साधारण १५९ वॅट. तोच १:५५ केला की २३० वॅट. वेग तेरा टक्क्यांनी वाढला, शक्ती चव्वेचाळीस टक्क्यांनी. १००० मीटरला हाती लागले तीस सेकंद. धावताना असं होत नाही, तिथे वेग आणि खर्च जवळपास बरोबरीनं वाढतात. म्हणून एकेरीत मी पोरांना सांगतो, यंत्रावर बहाद्दुरी दाखवू नका, ती धावेला ठेवा.

दुहेरीत मात्र हाच सल्ला डोळे मिटून देणं चुकीचं. २:१० नं एकट्यानं १००० मीटर काढायचे तर सुमारे ४१ किलोज्यूल काम होतं. १:५५ नं दोघांनी निम्मं-निम्मं काढलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वीस-सत्तावीस. शिवाय निम्मा वेळ विश्रांती. जोरकस प्रयत्नात स्नायूंतला जो फॉस्फोक्रिएटिनचा साठा खर्च होतो, त्यातला निम्मा अर्ध्या मिनिटाच्या आसपास भरून निघतो. तेव्हा दुहेरीत यंत्रावर एकेरीपेक्षा बरंच चढं जायला हरकत नाही, जाणं शहाणपणाचंच. पण कोणी? ज्याला पुढच्या किलोमीटरमध्ये सवड असणार आहे त्यानं. वेगवान धावपटूनं ६०० मीटर घेतले आणि हळू धावणाऱ्यानं ४००, तर पत्रकावरचा वेळ जवळपास तोच राहील. पुढची धाव बदलेल.

अदलाबदल किती वेळा करावी यावर आमच्याकडे हिरिरीनं लिहून येतं. एकच आकडा सगळ्या स्टेशनांना लावू नये. रोइंगला पायाचे पट्टे सोडा, उठा, दुसऱ्यानं बसा, पट्टे आवळा, तोवर चक्राचा वेग पडलेला. तिथे एक किंवा फार तर तीन बदल. स्कीअर्गला माणूस फक्त बाजूला होतो, तिथे हात सैल सोडता येतो. बर्पीत बदल फुकटच मिळतो, चार-पाच उड्यांनी बदललं तरी चालेल. वॉल बॉललाही तसंच. स्लेडला लेनच्या टोकाशीच बदला. साडेबारा मीटरनंतर ती थांबणारच असते, आणि थांबलेली स्लेड हलवायला लागणारा जोर चालत्या स्लेडपेक्षा जास्त असतो. लेनच्या मधोमध बदललं की तो जोर उगाच एकदा जास्त लावावा लागतो. लंजेसचं पोतं जमिनीला न टेकवता खांद्यावरून खांद्यावर द्यायचं असतं आणि याचा सराव कोणीच करत नाही. दमलेल्या दोन माणसांनी वीस किलोचं पोतं एकमेकांच्या मानेवर चढवताना एकदा बघा. एकाचा कान अडकतो, दुसऱ्याची टोपी पडते.

घड्याळाच्या नाडीवर फार विसंबू नका हेही सांगून ठेवतो. कष्ट वाढले की नाडी काही सेकंद मागे राहून वाढते, आणि वीस-पंचवीस सेकंद काम, तेवढीच विश्रांती अशा पाळीत ती दोन्हींच्या मधला कुठला तरी आकडा दाखवत बसते. त्यात मनगटावरचं घड्याळ मूठ आवळली की चुकतं. फार्मर्स कॅरीतला आलेख बघून दिलेले सल्ले मी वाचले आहेत. ते आलेख मुठीचे होते, हृदयाचे नव्हे. शेजारच्या माणसाला एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हे दुहेरीत विचारायला माणूस आयताच शेजारी असतो.

पेसबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या किलोमीटरला संगीत, दिवे, गर्दी, आणि सगळे सुटतात. हळू धावणाऱ्याला अर्धं पाऊल पुढे ठेवा, वेगवान मागे. मागचा पुढच्याला ढकलत नाही, पुढचा मात्र मागच्याला ओढतो, आणि ती ओढ चौथ्या किलोमीटरला वसूल होते. पत्रक वाचताना पहिली आणि आठवी धाव मी बाजूला ठेवतो. पहिली उत्साहाची असते, आठवी जिद्दीची. तिसरी, चौथी आणि पाचवी बघायच्या, म्हणजे अनुक्रमे स्लेड ढकलल्यानंतरची, ओढल्यानंतरची आणि बर्पीनंतरची. दुसऱ्या धावेपेक्षा त्या किती पडल्या, आणि प्रत्येकीच्या आधी हळू धावणाऱ्यानं किती काम केलं होतं. हे दुसरं उत्तर कुठेच मिळत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

या अंकाच्या मागच्या पानावर एक कोरं कोष्टक छापलं आहे. आठ ओळी, प्रत्येकीत दोन चौकोन: याचं किती, तिचं किती. शर्यतीत लिहायला कोणाला सुचणार नाही. कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या भावाला, मैत्रिणीला, प्रशिक्षकाला द्या. कोणीच नसेल तर शर्यत संपल्यावर पंधरा मिनिटांत, केळं खाता खाता, दोघांनी वेगवेगळं लिहा आणि मग ताडून बघा. आम्ही तसं केलं तेव्हा बर्पीच्या ऐंशी मीटरपैकी भाच्याच्या हिशेबानं त्यानं पन्नास केले होते आणि माझ्या हिशेबानं मी पन्नास. भरून आलेली कोष्टकं कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा, नावं नकोत, वय आणि किलोमीटरचा ताजा वेळ तेवढा लिहा. वॉल बॉलची ओळ मुद्दाम जरा रुंद ठेवली आहे. तिथपर्यंत पोहोचल्यावर अक्षर कसं येतं ते मी माझ्याच वहीत पाहिलं आहे.