संगणकाचे बिऱ्हाड बदलताना

बिऱ्हाड हलविताना सुज्ञ गृहस्थ भांडीकुंडी हमालाच्या हवाली करतो. दागिने आणि महत्त्वाचे कागद मात्र स्वतःजवळ ठेवतो. संगणक बदलताना हा विवेक बहुधा सुटतो. जुनी हार्ड डिस्क काढून नव्या यंत्रात बसविली की काम झाले, असे आपण समजतो. हे काम अवघड नाही; मात्र त्याचा क्रम चुकता कामा नये.

प्रथम प्रत करावी. मुलांची छायाचित्रे, गुणपत्रिका, बँकेचे कागद असे सारे एखाद्या वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि त्यांतील चार-दोन उघडून पाहावेत. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

दुसरी गोष्ट किल्लीची. अलीकडील विंडोज प्रणालीत डिस्कवरील मजकुराला अनेकदा ‘बिटलॉकर’चे कुलूप असते, आणि ते मदरबोर्डाशी निगडित असते. मदरबोर्ड बदलताच यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ती नसल्यास डिस्क धडधाकट असूनही आतील मजकुरास आपण कायमचे मुकतो. ही किल्ली पुष्कळदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन केलेली असते. जुने यंत्र चालू आहे तोवरच ती शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

तिसरी गोष्ट केबलीची. नव्या पॉवर सप्लायला जुन्याची सुटी केबल कधीही लावू नये. डिस्ककडील टोक सारखेच दिसते. परंतु पॉवर सप्लायकडील टोकाची जोडणी निरनिराळ्या उत्पादकांची निरनिराळी असते. त्यामुळे ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क क्षणात जळू शकते.

नवी प्रणाली नव्या डिस्कवर चढविताना जुनी डिस्क जोडूच नये. म्हणजे चुकून तीच पुसली जाण्याचे भय राहत नाही. प्रणाली सुरळीत चालू लागल्यावर यंत्र बंद करून, वीज तोडून मग ती जोडावी. ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ असे यंत्राने विचारल्यास ‘नाही’ म्हणावे. डिस्क दिसतच नसेल तर केबल तपासावी आणि दुसरे सॉकेट वापरून पाहावे. काही मदरबोर्डांवर एम.२ची जागा भरली की एखादे साटा सॉकेट बंद पडते.

सर्व मजकूर नव्या यंत्रात नीट आल्याची खात्री झाली, तरी जुनी डिस्क महिनाभर पुसू नये. पुढे ती विकावयाची झाल्यास संपूर्ण पुसून द्यावी. झटपट फॉरमॅटने यादी जाते, मजकूर मागे राहू शकतो.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्या ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कवर सबंध कुटुंबाच्या आठवणी मावतात. यंत्र पुन्हा विकत मिळते. आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज पुन्हा मिळत नाही.