शब्दांतला समुद्र, दारातला समुद्र

‘सी चेंज’ हा इंग्रजीतील एक लोकप्रिय वाक्प्रचार आहे. अर्थसंकल्पावरील भाषणांत, महाविद्यालयीन निबंधांत आणि स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत तो हटकून भेटतो. कोणताही बदल थोडासा मोठा वाटला, की त्याला हे बिरुद बहाल होते. सिंधुदुर्गातील विद्यार्थीही त्यास अपवाद नाहीत. ज्यांच्या अंगणापर्यंत भरतीची गाज ऐकू येते, त्या मुलांनी समुद्रावरचा हा वाक्प्रचार गाइडमधून अर्थावाचून पाठ करावा, हा विरोधाभास शिक्षकांना अंतर्मुख करणारा आहे.

वाक्प्रचार मूळचा शेक्सपिअरचा. 1623 साली प्रथम छापल्या गेलेल्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकातील एका गीतात तो येतो. बुडालेल्या पित्याच्या अस्थींचे प्रवाळ झाले आणि डोळ्यांचे मोती झाले, असे ते गीत पुत्राला सांगते. तेव्हा हा बदल केवळ मोठा नव्हे. तो खोल पाण्यात, दृष्टीआड घडणारा आणि मूळ द्रव्यच पालटून टाकणारा आहे. शिवाय नाटकात तो पिता वस्तुतः बुडालेलाच नसतो! सांगितला जाणारा बदल खरोखर झाला आहे काय, ही शंका या शब्दांना जन्मापासूनच चिकटलेली आहे. हे ज्याला ठाऊक आहे, तो रस्त्यावर नवे डांबर पडले म्हणून ‘सी चेंज’ लिहिणार नाही.

हा अर्थ शिकविण्यास मालवणइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे. आणि हेच नाटक ‘वादळ’ या नावाने मराठीत आणणारे मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. परंतु वर्गात वाक्प्रचार येतो तो यादीतून, आणि जातो तो उत्तरपत्रिकेत.

अशा वाक्प्रचारांमुळे गुण मिळतात, आणि गुणांमुळे नोकरी, असा यावर आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु तारणावाचून छापलेल्या नोटांची जी गत होते, तीच अर्थावाचून वापरलेल्या शब्दांची होते: संख्या वाढते, किंमत उतरते.

याची किंमत केवळ परीक्षेपुरती नाही. 1987 साली मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य घोषित झाले आणि स्थानिक मच्छीमारांचा त्यास विरोध झाला. पुढे रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळीवाले यांचा संघर्ष चिघळला. 2016 साली राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. अशा प्रश्नांचे शास्त्रीय अहवाल इंग्रजीत असतात, उच्च न्यायालयाचे कामकाजही इंग्रजीत चालते. तेथे रापणकरांची बाजू मांडणाऱ्यास अलंकार नकोत. कोणते जाळे, किती अंतरावर, कोणत्या महिन्यात, हे निःसंदिग्धपणे लिहिता आले पाहिजे. शब्दाची नेमकी छटा जाणणाराच असे लिहू शकतो. साहित्यिक इंग्रजीच्या अभ्यासाचा खरा उपयोग हा आहे.

या जिल्ह्याला त्याची परंपराही आहे. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली ‘दर्पण’ काढले, तेव्हा एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर छापला. दोन भाषा अशा समोरासमोर ठेवल्या, की पोकळ शब्द फार काळ लपत नाही.

किनाऱ्यावरील शिक्षकांनी हाच उपाय योजून पाहावा. वाक्प्रचारांची यादी घोकून घेण्याऐवजी बंदरावर पाहिलेली एखादी गोष्ट विद्यार्थ्याने प्रथम आपल्या बोलीत सांगावी, मग शेजारी इंग्रजीत लिहावी. इंग्रजी स्तंभ कदाचित साधा दिसेल. पण त्यातला समुद्र त्या मुलाचा स्वतःचा असेल.