संगणकाचा बेणेबदल : घाई नको, चालढकलही नको



या पानावर आम्ही बहुधा लागण, खोडवा, पाचट आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे, आणि तो शेतकी खात्याने मांडावा याला कारणही आहे. तुमची ऊसनोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन आणि बिलाची रक्कम हे सारे आता वहीतून संगणकात गेले आहे. त्या संगणकाबाबत गटऑफिसात, सोसायटीत, दूध संस्थेत आणि घरोघरी हल्ली एकच प्रश्न ऐकू येतो : "सायेब, पडद्यावर सारखी पाटी येतीया, विंडोज अकरा टाका म्हणून. टाकायचं का ऱ्हाऊ द्यायचं?"

आमचे मत थोडक्यात असे की, आज ना उद्या बदल करावाच लागेल. पण तो आपल्या हंगामाच्या सोयीने करावा, आणि आपण कशाकशाला संमती देतो आहोत हे वाचून करावा. पाटी कंपनीची असली तरी संगणक आपला आहे, आणि त्यातली माहिती सभासदांची आहे.

जुन्यावर बसून राहता येणार नाही

विंडोज ही संगणकाची कार्यप्रणाली. बिलाचा, काट्याचा, हिशेबाचा प्रोग्राम ही पिके धरली, तर कार्यप्रणाली म्हणजे रान. रानच बिघडले की कोणतेही पीक साधत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० जुलै २०१५ मध्ये बाजारात आणले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी संगणक बंद पडले असे नाही. ते चालतात. मात्र नव्याने सापडणारी भोके बुजवण्याचे काम आता आपोआप होत नाही.

बांधाला भगदाड पडले आणि ते वेळेत बुजवले नाही तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. विशेष म्हणजे त्या भोकावरची दुरुस्ती कंपनीने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नाही, त्यांना फटका बसला. तेव्हा "आमचं जुनंच बरं हाय" हे म्हणणे ऐकायला गोड असले तरी धोक्याचे आहे.

मग घाई का नको?

पहिले कारण यंत्राचे. विंडोज ११ ला ठराविक सुरक्षा चिप व त्यापुढचा प्रोसेसर लागतो. साधारणपणे २०१८ च्या आधीचे बरेचसे संगणक या अटीत बसत नाहीत, मग ते कितीही ठणठणीत असोत. म्हणजे काही संस्थांना चालते यंत्र बाजूला ठेवून नवे घ्यावे लागणार. हा खर्च सभासदांच्याच पैशातून होतो.

दुसरे कारण आपल्या कामाच्या पद्धतीचे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळते, आणि ६४ बिटच्या विंडोजवर डॉसच्या काळातले जुने १६ बिटचे प्रोग्राम सरळ चालत नाहीत. ग्रामीण भागातील कितीतरी संस्थांचे जुने हिशेब अजून तसल्याच प्रोग्राममध्ये पडून आहेत. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, काट्याचे वजन संगणकात आणणारी तार, जुन्या मराठी फाँटचा कीबोर्ड, यांपैकी एकाचा जरी ड्रायव्हर नव्या प्रणालीत मिळाला नाही, तरी काम अडते. वरवर ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ऐन हंगामात काट्यावरची स्लिप निघाली नाही तर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर जाते, तुटलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, साखर उतरते. बिलाचा प्रोग्राम अडला तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातली १४ दिवसांची मुदत कोणासाठी थांबत नाही.

तिसरे कारण माहिती पुसली जाण्याचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची एक मोठी सुधारणा आली आणि काही लोकांच्या संगणकांतील कागदपत्रे व फोटो तिने पुसून टाकले. कंपनीला काही दिवसांतच तिचे वाटप थांबवावे लागले आणि दुरुस्त करून ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावी लागली. बाधित लोक टक्केवारीत फार थोडे होते हे खरे. पण ज्याचे दप्तर गेले, त्याचे शंभर टक्के गेले.

चौथे कारण किल्लीचे. याची माहिती फार कमी लोकांना आहे. २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने चालू केले, तर बहुतेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोराच्या हाती संगणक लागला तर हे कुलूप उपयोगी आहे. पण त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच्याच खात्यावर संगणक चालू करून दिला, तर कुलूप आपल्या दाराला आणि किल्ली त्याच्या खिशात! पुढे कधी संगणकाने किल्ली मागितली आणि ती मिळाली नाही, तर आतला सगळा हिशेब गेला असे समजावे.

आपली माहिती कोठे जाते?

आता गोपनीयतेचा प्रश्न. पूर्वी कार्यप्रणाली विकत घेतली की व्यवहार संपत असे. आताची प्रणाली कंपनीशी सतत बोलत राहते. संगणक कसा चालतो, कोठे अडतो, ही माहिती ती कंपनीला कळवते. याला निदानाची माहिती म्हणतात. कंपनीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कोट्यवधी संगणकांत काय बिघडते हे कळल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. आम्हीही रोग कळण्यासाठी उसाची पाने मागवतोच. पण पान मागवणे वेगळे आणि घरात शिरून कपाट उघडणे वेगळे. प्रश्न किती, कशासाठी आणि कोणाला विचारून, हा आहे.

हा प्रश्न आमच्या मनचा नाही. जुलै २०१६ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने कंपनीला नोटीस काढून सांगितले की विंडोज १० गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करते. त्यानंतर कंपनीने ती माहिती जवळपास निम्म्याने कमी केली, आणि २०१७ मध्ये नोटीस मिटली. ऑक्टोबर २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या यंत्रणेने, वापरणाऱ्यांना नीट न सांगता माहिती घेतली जाते, असा निष्कर्ष काढला. मे २०२४ मध्ये कंपनीने ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. पडद्यावर जे जे दिसते त्याची थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रे घेऊन संगणकातच साठवायची, अशी ही कल्पना. सुरक्षा जाणकारांनी ओरड केल्यावर ती पुढे ढकलली गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये, मालकाने मुद्दाम चालू केली तरच चालेल अशा रूपात, ठराविक नव्या संगणकांवर आली.

संमती कशी घेतली जाते तेही पाहा. मे २०१६ मध्ये विंडोज १० च्या फुकट बदलाची खिडकी लोकांच्या पडद्यावर येत असे. कोपऱ्यातली फुली दाबून ती बंद केली तर तो नकार न धरता ठरलेल्या वेळी बदल होऊ लागला. लोकांत संताप झाला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीला नकाराचे स्पष्ट बटण द्यावे लागले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिक बाईंनी, न मागता झालेल्या बदलामुळे धंद्याचे नुकसान झाले म्हणून दावा केला आणि १०,००० डॉलर भरपाई मिळवली.

जुन्या विंडोज १० वर राहणाऱ्यांसाठीही तोच मासला आहे. घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची सोय कंपनीने काढली. त्यासाठी पैसे भरा, नाही तर कंपनीच्या खात्यात शिरून आपल्या संगणकाची मांडणी तिच्याकडे साठवायला द्या, अशी अट होती. संस्थांना मात्र रोख मोजावी लागते. दर संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि तेही फार तर तीन वर्षे.

"आमच्याकडं लपवायसारखं काय हाय?"

हे वाक्य आम्ही वरचेवर ऐकतो. चोरून ठेवण्यासारखे काही नसेल, पण चव्हाट्यावर मांडण्यासारखेही नाही. गटऑफिसच्या किंवा सोसायटीच्या संगणकात सभासदाचा आधार क्रमांक, बँक खाते, गट नंबर, क्षेत्र, कर्जाचा बोजा, वारसांची नावे असतात. कोणाच्या उसावर किती कर्ज आहे हे शेजाऱ्यालाही कळू नये अशी आपली रीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माहिती सभासदाने आपल्याकडे अमानत ठेवलेली आहे. ‘मान्य आहे’ हे बटण एखाद्या कारकुनाने जेवायच्या घाईत दाबावे, इतके ते हलके नाही.

बेणेबदलाचीच रीत इथे लावा

१९९६ मध्ये को ८६०३२ हे वाण आले. को ७४० वर वर्षानुवर्षे विश्वास ठेवलेल्या शेतकऱ्याने ते एका दिवसात सगळ्या रानात लावले नाही. आधी बेणेमळा, मग एखादा प्लॉट, उगवण-फुटवा-वजन पाहून मगच पुढचे क्षेत्र. संगणकालाही हीच रीत लावावी. आमच्या सूचना अशा :

१) गळीत हंगाम चालू असताना काट्याच्या व बिलाच्या संगणकाची प्रणाली बदलू नये. गाळप संपल्यापासून पुढच्या हंगामाच्या तयारीपर्यंतचा काळ यासाठी राखावा.

२) आधी एकच संगणक बदलावा. त्यावर काट्याची स्लिप, ऊसनोंद, बिल आणि मराठी पत्र प्रत्यक्ष काढून पाहावे. जुन्या व नव्या संगणकावरची बिले ताडून पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

३) माहितीच्या दोन प्रती घ्याव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. नुसती प्रत घेऊन भागत नाही. ती उघडते का, हे तपासावे.

४) संगणक संस्थेच्याच खात्यावर चालू करावा. कुलपाची किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी आणि नोंदवहीत सही घ्यावी.

५) बदल होताना जबाबदार माणूस समोर बसावा. ऐच्छिक निदान-माहिती, जाहिरात ओळख आणि ठिकाण कळवणे बंद करावे. फाइली आपोआप कंपनीच्या ढगात चढत नाहीत ना, हे आवर्जून पाहावे. या सोयी सेटिंगमधील गोपनीयतेच्या पानावर आणि वनड्राइव्हमध्ये सापडतात. मोठ्या बदलानंतर हे सारे पुन्हा तपासावे.

६) जुन्या प्रोग्रामसाठी जुना संगणक ठेवायचाच असेल तर त्याचे इंटरनेट काढून घ्यावे. घरी फक्त पत्रे, अभ्यास आणि हवामान पाहायचे असेल, तर जुन्या यंत्रावर उबुंटूसारखी फुकट लिनक्स प्रणाली चालते का, ते पाहायला हरकत नाही.

७) मोडीत काढलेल्या संगणकाची डिस्क पूर्ण पुसल्याशिवाय किंवा काढून घेतल्याशिवाय तो भंगारवाल्याला देऊ नये.

एकट्याचे कोण ऐकतो?

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर सांगितलेल्या उदाहरणांत कंपनी बहुतेक वेळा कोठे नमली ते पाहा. जिथे सरकारी यंत्रणा उभी राहिली, जाणकारांनी एकत्र आवाज केला, तिथे. २०२५ मध्ये वाढीव मुदतीच्या अटीवर युरोपातील ग्राहक संघटनेने हरकत घेतली आणि तिथल्या लोकांसाठी, मांडणी साठवायला देण्याची अट काढून टाकली गेली. आपल्याकडच्या एकट्यादुकट्या शेतकऱ्याला अशी सवलत कोण देणार? उसाच्या भावाच्या बाबतीत आपण हे फार पूर्वी शिकलो. एकट्याने खांडसरीच्या दारात उभे राहण्यापेक्षा सर्वांनी मिळून कारखाना काढला.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. गावोगावच्या सोसायट्यांत संगणक येत आहेत. तेव्हा कारखाना, सोसायट्या, दूध संस्था आणि पतसंस्था यांनी मिळून एक समिती नेमावी. प्रोग्राम पुरवणाऱ्याकडून नव्या प्रणालीवर चालण्याची लेखी हमी घ्यावी, यंत्रे एकत्र खरेदी करावीत आणि सभासदांची कोणती माहिती बाहेर जाते, याचा अहवाल दरवर्षी वार्षिक सभेपुढे ठेवावा. तसा ठराव येत्या सभेत यावा अशी आमची संचालक मंडळास नम्र विनंती आहे. ठरावाला सूचक-अनुमोदक तुमच्यातूनच यायला हवेत. तोवर पडद्यावर पाटी आली तर घाबरू नका, आणि वाचल्याशिवाय दाबूही नका. अडचण आली तर गटऑफिसात या, बसून पाहू.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी