एकादशीच्या ताटात काय वाढावं?

श्रावणाच्या अंकात उपवासाचे पदार्थ हवेतच. यंदा ते निवडताना टाइप टू मधुमेह असलेले वाचक आमच्या डोळ्यांसमोर होते. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर आहे.

साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत बटाटा पडतो, सोबतीला रताळ्याचे गोड काप आणि केळं येतं, आणि ज्या दिवशी पोट हलकं ठेवायचं त्याच दिवशी साखर रोजच्या पोळी-उसळीपेक्षा जास्त चढते. दाण्याचं कूट आणि दही हा वेग थोडा कमी करतात. पण वाटीची जागा ताटलीने घेतली की त्यांचंही काही चालत नाही. ‘साखर नको, गूळ घे’ म्हणणारी प्रेमळ मावशी घरोघरी असते. तिचं ऐकू नका, गुळातही मुख्यतः साखरच असते. आम्हाला विचाराल तर राजगिऱ्याच्या पिठाचं एक थालीपीठ, भरपूर काकडीची कोशिंबीर आणि ताक. खिचडी हवीच असेल तर लहान वाटीभर, बटाटा वगळून.

निर्जळी किंवा दिवसभराचा कडक उपास ही गोष्ट मात्र वेगळी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषध स्वतःच्या मनाने बंद करणंही तितकंच वाईट. तेव्हा पहिल्या सोमवारच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.